सहा पानांवर मत देऊ नकोस

कोल्हापूर

प्रिय मुलीस अनेक आशीर्वाद.

परवा कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिन्यावर थांबवून तू जे विचारलेस, त्याचे उत्तर उभ्याउभ्या देण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र. वकिलाने वकिलाविरुद्ध तज्ज्ञ म्हणून साक्ष द्यावी का, हा प्रश्न तुला बाररूममधल्या कुजबुजीने पडला आहे. माझे उत्तर एका शब्दाचे आहे: द्यावी. केवळ वकील आहे म्हणून निष्काळजीपणाच्या दाव्यातून कोणाची सुटका नाही, हे १९२६ च्या वकिलांच्या फीविषयीच्या अधिनियमातील कलम ५ नेच सांगून ठेवले आहे. शिवाय १४ मे २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक आयोगाचे दार बंद केल्यापासून बुडालेल्या पक्षकाराला भरपाईसाठी दिवाणी न्यायालयातच जावे लागते. तिथे सर्च, म्हणजे खरेदीआधी मालमत्तेच्या मालकीहक्काचा व बोज्यांचा शोध, कसा घेतात हे जाणकाराने सांगायचे नाही, तर कोणी सांगायचे?

मला खटकले ते वेगळेच. सर्च घेणाऱ्या वकिलावर दावा लावणाऱ्या वादीच्या वकिलांनी तुला त्याच्या सर्च रिपोर्टची सहा पाने पाठवली, मत कोणत्या बाजूचे हवे तेही फोनवर सांगितले, आणि तू मसुदा लिहायला बसलीस. पोरी, पूर्ण फाइल पाहिल्याशिवाय मत लिहायचे नसते. पूर्ण म्हणजे पक्षकाराने दिलेल्या सूचना, सगळा पत्रव्यवहार, आवक-जावक नोंदवही, दुय्यम निबंधक कार्यालयातील शोधाच्या पावत्या आणि फीची पावतीसुद्धा, कारण काम तेरा वर्षांच्या शोधाचे दिले होते की तीस वर्षांच्या, हे कधी कधी त्या पावतीवरच कळते.

हे मी शहाणपणाने शिकलेलो नाही. मी अशाच एका दाव्यात वादीतर्फे तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली, त्यातला सर्च २००९ चा होता. विक्रेत्याने मूळ दस्त बँकेत ठेवून कर्ज काढले होते. असे गहाण तेव्हा इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या सूचीत, दिसत नसे, आणि सर्साईची, म्हणजे बँकांकडील अशा गहाणांची, केंद्रीय नोंदणी सुरू झाली ती ३१ मार्च २०११ रोजी. म्हणजे तीस वर्षे उलटीपालटी केली असती तरी त्या वकिलाला ते गहाण सापडले नसते, आणि हे मला कळत होते. म्हणून मी मतात लिहिले की दक्ष वकील अशा वेळी मूळ खरेदीखत पाहायला मागतो, आणि या वकिलाने ते मागितले नाही. यातला पहिला भाग मी आजही शब्दशः तसाच लिहीन. दुसरा भाग मी कशाच्या आधारे लिहिला? मला दिलेल्या कागदांत तसे पत्र नव्हते, एवढ्याच आधारावर. उलटतपासणीत समोरून आधी जावक नोंदवही आली आणि मग पत्राची स्थळप्रत: मूळ दस्त पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये, असे त्याने पक्षकाराला स्पष्ट कळवले होते. दावा फेटाळला गेला, पण तोवर त्या माणसाकडे सर्चचे काम येणे थांबले होते. कागद माझ्यापासून लपवले गेले, माझा काय दोष, असे मी वर्षभर सांगत फिरलो. माझी फी निकालावर अवलंबून नव्हती, हेही न विचारता सांगत असे. दोन्ही खरे होते. पण मी फाइल मागितली नव्हती, हेही खरेच होते.

तुझे प्रकरण २०२२ च्या सर्चचे आहे, त्यामुळे सर्साई न पाहणे या एकाच चुकीचे वजन तिथे निराळे पडते. त्या तारखेला त्या वकिलाला काय पाहता आले असते, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. आणि ते ठरवायला पुन्हा पूर्ण फाइलच लागते. कायद्याचा अर्थ सांगू नकोस, तो न्यायाधीशांना येतो. जुन्या पुरावा अधिनियमाच्या कलम ४५ च्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ ने तज्ज्ञतेचे क्षेत्र रुंद केले असले, तरी आपण बोलायचे ते कामाच्या रूढ पद्धतीबद्दल. हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध जय लाल या १९९९ च्या निकालात म्हटल्याप्रमाणे तज्ज्ञाने न्यायाधीशांच्या हाती मोजपट्टी द्यायची असते. ‘निष्काळजी’ हा शिक्का मारणे आपले काम नव्हे. गहाण कळले असते तर पक्षकाराने खरेदी खरोखर थांबवली असती का, हेही त्याच पत्रव्यवहारात शोध. माझ्या प्रकरणातल्या पक्षकाराने पत्र मिळूनही थांबवली नव्हती.

ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच इथेच आहे. तुझी साक्ष अपिलात याच गावात वाचली जाईल आणि तू दोन्ही पक्षांना रोज भेटत राहशील. याची भीती वाटत असेल तर आताच नकार दे. अर्धवट कागदांवर गुळमुळीत मत देणे मला चालणार नाही.

उद्याच वादीच्या वकिलांना पत्र लिहून हव्या त्या कागदांची यादी दे आणि पत्राची पोच ठेव. दिले नाहीत, तर काय मागितले व काय मिळाले नाही हे मताच्या पहिल्याच परिच्छेदात लिही. मत लिहून झाल्यावर मात्र ते मला दाखवायला आणू नकोस. कोणी दुरुस्त करून दिले का, असे उलटतपासणीत विचारतील, आणि तेव्हा तुला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे.

तुझा हितचिंतक