शब्दांची मुळे : सोळा आण्यांचा हिशेब

प्रश्न : आमच्या गावच्या पारावर यंदाचे सोयाबीन 'सहा आणे' सांगितले जाते आणि एखादे बोलणे पटले की म्हातारी माणसे 'सोळा आणे खरे' म्हणतात. आम्ही आणा पाहिलेलाही नाही; मग तो बोलण्यात कसा टिकला?
— एक वाचक, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ

उत्तर : जुन्या रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार आणि पैशाच्या तीन पै. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि आणा हिशेबातून गेला. परंतु तोवर सोळा हा आकडा 'पूर्ण' या अर्थाने बोलीत इतका मुरला होता, की ज्यात एका आण्याचीही खोट नाही ते 'सोळा आणे खरे' ठरले. सोळाची सोयही मोठी. निम्मे करत गेल्यास आठ, चार, दोन, एक असे सरळ उतरता येते. शंभराची गाडी पंचविसाला अडते.

'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही म्हण आपण सहज वापरतो, पण त्यातल्या दोन रकमांची बेरीज करून पाहावी : नेमका एक रुपया होतो. मूळ वस्तूला पाव आणि वरच्या सरंजामाला पाऊण, हे प्रमाणच तिथे मोजून मांडले आहे. (सावजी रस्सा चाखलेल्यांना ते फारसे वावगे वाटणार नाही.)

वावराच्या वाटणीतही हेच माप चालते. दोन भावांचा हिस्सा सारखा असेल तर तो 'आठ-आठ आणे' म्हणून सांगितला जातो.

पिकाची 'आणेवारी' याच हिशेबातली. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, त्या मानाने यंदाचे किती, असा तो अंदाज. सरकारी कागदावर आता 'पैसेवारी' असते. गावातील निवडक वावरांत कापणी करून आलेले उत्पन्न प्रमाण उत्पन्नाशी ताडतात आणि नजरअंदाज, सुधारित व अंतिम अशा टप्प्यांनी ती जाहीर होते. त्या मापाने आपल्या पारावरचे सहा आणे म्हणजे साडेसदतीस पैसे. तरीही तलाठ्याला विचारताना कास्तकार 'आणेवारी पन्नासच्या आत आली का?' असेच विचारतो. शब्द सोळाचा आणि आकडा शंभरातला, पण विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला त्यात काहीच खटकत नाही.