वडिलांच्या (वय ५८) छातीत मणक्याजवळ ५ सेंमीची गाठ, बायोप्सीत श्वानोमा. कॅन्सर नाही, तर ऑपरेशन कशाला? आम्ही चोपड्याचे, जळगावलाच करावं का?

ऑपरेशन बहुधा करावंच लागेल, पण घाई नाही; त्याआधी मणक्याचा एमआरआय झालाच पाहिजे. श्वानोमा म्हणजे नसेच्या (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) आवरणाची गाठ. ती सहसा पसरत नाही, पण हळूहळू वाढते आणि शेजारच्या नसांवर, मणक्यावर, फुप्फुसावर दाब आणते. शिवाय सुईने काढलेला तुकडा म्हणजे अख्खी गाठ नव्हे; कॅन्सर नाही हे पूर्ण गाठ तपासल्यावरच पक्कं होतं. मी छातीच्या शस्त्रक्रिया विभागात काम करतो. अशा गाठीत आम्ही आधी एकच बघतो: ती दोन मणक्यांमधल्या छिद्रातून आत, मज्जारज्जूकडे शिरली आहे का? सीटीत हे नीट कळेलच असं नाही. शिरली असेल तर न्यूरोसर्जन आणि छातीचे सर्जन दोघं एकाच वेळी हवेत, नाहीतर गाठ ओढताना आत रक्तस्राव होऊन पाय लुळे पडू शकतात. शिरली नसेल तर बहुतेकदा दुर्बिणीतून, लहान छिद्रांमधून निघते. गाठ छातीत अगदी वर असेल तर ऑपरेशननंतर त्या बाजूची पापणी उतरू शकते, हेही आधीच विचारून घ्या.

म्हणून जळगाव की धुळे की मुंबई, हे गावावर नाही, तिथे छातीचे सर्जन नियमित येतात का आणि रात्री आयसीयू सांभाळायला कोण असतं, यावर ठरवा. गाठ लहान असती, त्रास नसता आणि वडील ऐंशीचे असते, तर ठरावीक काळाने स्कॅन करत थांबणंही चाललं असतं.