जागरण राहिलंय

"मॅडम, माझा या कशावरच विश्वास नाही. पण घरच्यांना सांगायचं कसं?" नुकतं लग्न झालेली मुलंमुली माझ्याकडे समुपदेशनाला हा प्रश्न इतक्यांदा घेऊन येतात, की त्याचं उत्तर एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. कुणाकडे नवरात्रातले घट असतात, कुणाकडे सत्यनारायण. इथे खंडोबाचं जागरण घेते. नाव आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.

नितीन मूळचा फलटणकडचा, नोकरी पुण्यात. लग्न नोंदणी पद्धतीने केलेलं. नव्या जोडीने जेजुरीला जायचं आणि दारात जागरण-गोंधळ घालायचा, हा घरचा कुळाचार. दोन्ही राहिलं. पुढे बायकोचा गर्भ दहाव्या आठवड्यात पडला आणि आई फोनवर म्हणाली, "देवाचं राहिलंय, म्हणून हे असं."

तेव्हापासून नितीन मुद्दे मांडायचा आणि आई रडायची. रात्री मात्र त्याच्याच मनात यायचं, खरंच तसं असलं तर? या भीतीची त्याला फार लाज वाटत होती.

आधी ती लाज काढावी लागली. लहानपणापासून कपाळाला भंडारा लागलेल्या माणसाचे विचार चार पुस्तकं वाचून बदलतात, भीती मागे राहते. ती असणं म्हणजे विचार कच्चे असणं नव्हे. मग डॉक्टरांनी सांगितलेलंच पुन्हा नीट समजून घेतलं. लक्षात आलेल्या दर शंभर गरोदरपणांपैकी साधारण १० ते २० आपोआप संपतात, त्यातली बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांत. निम्म्याच्या आसपास वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. हे आईला सांगायचं काम नितीनचं, बायकोचं नाही, असंही ठरलं. सून सांगायला गेली की घरात त्याचा अर्थ वेगळा लागतो.

खरी गाठ सुटली ती एका साध्या प्रश्नाने.

"समजा, उद्या आईने देव मानणं सोडलं. तुम्हाला काय मिळेल?"

"ती योग्य विचार करायला लागेल."

"ते तिला मिळालं. तुम्हाला?"

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "मी चुकलो नाही, हे तिच्या तोंडून ऐकायला मिळेल."

या उत्तरापाशी आणून सोडलं की पुढचा निम्मा रस्ता माणूस स्वतःच चालतो, हा माझा अनुभव. नितीन नास्तिक होता, पण त्या नास्तिकपणावर त्याला आईची सही हवी होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली आणि कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात जी रुजवली, त्याच वाटेने मी काम करते. आईला आपलं पटावं असं वाटण्यात काहीच वावगं नाही. पटलंच पाहिजे म्हटलं, की तिचा प्रत्येक नकार आपल्यावरचा निकाल होऊन बसतो.

नंतर त्याला एवढंच करायला सांगितलं: वाद न घालता आईला विचारा, जागरण झालं नाही तर तिला नेमकी कशाची धास्ती आहे? उत्तर आलं, "माझ्यामागं या घरात तळी कोण उचलणार?" इतके महिने तो देव आहे की नाही यावर बोलत होता, आणि आईला मुलगा घरचा राहतो की नाही याची काळजी होती.

आता करायचं काय, तर सीमा आधी ठरवायच्या. नितीनने जागरणाचा एकेक भाग डोळ्यांसमोर आणला. देवाच्या मांडलेल्या चौकापुढे बसणं, वाघ्या-मुरळींची गाणी ऐकणं, पाच जणांत तळीचं ताट उचलून येळकोट म्हणणं, हे त्याला चालणार होतं. कर्ज काढणं, बकरा कापणं, मूल व्हावं म्हणून नवस बोलणं नाही. खर्चाचा आकडाही आधीच ठरवला.

आईशी बोलायला तीन वाक्यं पुरतात. "आई, मला देव मानता येत नाही. जागरण तुला हवंय म्हणून मी घालीन. पण आमच्या बाळाचं जाणं त्याच्याशी जोडायचं नाही." वाद पेटला तर तिसरं वाक्य पुन्हा म्हणायचं, आवाज न चढवता. कार्याच्या किमान महिनाभर आधी, समोरासमोर, पाहुणे नसताना. "सुट्टी मिळत नाही" ही सबब पुढच्या चंपाषष्ठीपर्यंतच टिकते. आणि बसायचं ठरवलं तर चेहरा पाडून बसू नये; आईला तो नकारापेक्षा जास्त लागतो.

"मग मी ढोंगी नाही का ठरत?" त्याने विचारलंच. ढोंग करायला कुणाला तरी फसवावं लागतं. जिला फसवलं असतं, तिला तर सगळं आधीच सांगून झालेलं.

काहींना बसणं मुळीच जमत नाही. त्यांनी तसं सांगावं, तळी चुलतभावाला उचलू द्यावी आणि आपण पंगतीचं बघावं. मात्र भगत अंगारा देऊन औषधं बंद करायला सांगत असेल, तर तिथे तडजोड नाही. तिथे डॉक्टर, आणि गरज पडली तर महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा.

नितीनने तळी उचलली. आईने बाळाचा विषय काढला नाही. पंगतीत मावशीने काढला, तेव्हा तिसरं वाक्य त्याने मावशीलाही ऐकवलं.