सुरती शेळ्यांचं दूध पिढीगणिक कसं वाढवावं? जमनापारी बोकड आणू का?

बडोद्याकडच्या पादरा गावाजवळ दहा सुरती शेळ्या, घरचाच एक बोकड, आणि दूध शेळीमागे लिटरभराच्या पुढे सरकत नाही. म्हणून जमनापारी बोकड आणून संकर करावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: इतक्यात नको. बोकड बदला, जात बदलू नका.

बहुतेक छोट्या कळपांचं दूध का अडतं ते पाहा. जो नर झपाट्याने वाढतो, त्याला बकरी ईदला भाव येतो, तो जातो. मागे उरतो तो किरकोळ, गिऱ्हाईक न मिळालेला, आणि पुढचं वर्षभर तोच सगळ्या शेळ्या फळवतो. त्यातल्या काही त्याच्या बहिणी, एक तर आईच. बाप-लेकीच्या पिल्लात अंतःप्रजननाचं प्रमाण 25 टक्के येतं, सावत्र भावंडांच्या पिल्लात साडेबारा. हे डोळ्यांवर येत नाही. करडं जरा हलकी जन्मतात, पहिल्या महिन्यात एखाद-दोन जास्त दगावतात, शेळ्या उलटतात म्हणजे गाभ न धरता पुन्हा माजावर येतात, आणि आपण चाऱ्याला नाहीतर पावसाला बोल लावतो.

जमनापारी ही मूळची इटावा-चकरनगरकडची, यमुना-चंबळच्या घळींत झाडपाला ओरबाडत हिंडणारी थोराड शेळी. सुरती 30-32 किलोची, बांधून खाण्यावर निभावणारी. पहिल्या संकराच्या पाटी (तरुण, अजून न व्यालेल्या माद्या) देखण्या निघतात, दूधही देतात, पण त्यांना खायलाही तसंच लागतं. पुढे त्यांना संकरच बोकड लावला की कुणी आईवर जातं, कुणी बापावर, आणि तिसऱ्या पिढीत हातात काय आहे ते सांगता येत नाही. शिवाय लहान चणीच्या पहिलारू पाटीला थोराड बोकड लावला तर विताना करडू अडू शकतं. सानेन या थंड मुलखातल्या विलायती दुधाळ जातीचा विचार तर बडोद्याच्या मे महिन्यात गोठ्यात दुपारी उभं राहून करावा.

आता मोजमाप. त्यावाचून सगळा अंदाजपंचे कारभार. रोज मोजायची गरज नाही, महिन्यातून एक दिवस पुरतो. आदल्या संध्याकाळी सहाला कास पूर्ण रिकामी करा, करडं वेगळी बांधा. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, दोन्ही धारांच्या दुधाची बेरीज करा. करडांना त्यातलंच बाटलीने पाजा, उपाशी ठेवू नका. मापाने मोजू नका, वजन करा: फेसामुळे माप भरलेलं दिसतं आणि जोरात धार मारणाऱ्याची शेळी जास्त दुधाची ठरते. भांड्याचं वजन वजा करून ग्रॅममध्ये लिहा. चीक संपल्यापासून आटेपर्यंत दर महिन्याचा आकडा गुणिले 30, त्यांची बेरीज म्हणजे त्या वेताचं दूध. तुलना करताना वेत बघा. पहिल्या वेताचं दूध कमीच असतं, तिसऱ्या-चौथ्या वेतात ते सर्वात जास्त भरतं. पहिलारूची चौथ्या वेताच्या शेळीशी बरोबरी करून तिला विकू नका.

नोंदीचा फायदा आकड्यांत सांगतो. दुधाच्या फरकातला साधारण 30 टक्के भागच रक्तातून उतरतो असं धरा. बाकी चारा, वेत, निगा. समजा एक शेळी कळपाच्या सरासरीपेक्षा दिवसाला लिटरभर जास्त देते. तुमच्याकडे एकाच वेताची नोंद असेल, तर त्यातलं साधारण 300 मिली तिचं स्वतःचं मानायचं. त्यातलं निम्मं, 150, तिच्या मुलात, आणि त्याच्या निम्मं, 75 मिली, त्या बोकडाच्या लेकींत. तिनं तीन वेतं तसंच दूध दिलं असेल तर भरवसा वाढतो आणि हाच आकडा 120 मिलीच्या आसपास जातो. थोडं वाटेल. पण हे प्रत्येक लेकीत येतं आणि पुढच्या बोकडाच्या वेळी त्यावर भर पडते. एका पिढीत दूध दुप्पट करून देणारा बोकड विकायला कुणी आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. लगेच वाढ हवी असेल तर ती खुराकात आणि जंताच्या औषधात आहे.

म्हणून बोकड निवडताना त्याच्या आईची वही बघायची. निदान दोन वेतांची नोंद, सड दोनच आणि सारखे, कास अंगाला घट्ट चिकटलेली, दगडी (कासेची सूज) कधी झालेली नाही. जादा सड असलेली पाट किंवा नर पैदाशीला ठेवू नका. नराचे दोन्ही वृषण खाली उतरलेले, सारखे आणि टणक हवेत. एकच असेल तर कितीही देखणा असो, खच्ची करून बाजाराला. जुळ्यातला नर एकट्यापेक्षा लहान दिसणारच, त्याला त्यावरून बाद करू नका. आणि ईदच्या तीन महिने आधीच, व्यापारी दारात यायच्या आत, निवडलेल्या नराच्या कानात बिल्ला ठोकून टाका. एकदा भाव ऐकला की मन डगमगतं.

हा निवडलेला नर मात्र स्वतःच्या कळपात वापरायचा नाही. जवळपासचे आणखी दोन शेळीपालक गाठा आणि फेरा ठरवा: तुमचा नर दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, तिसऱ्याचा तुमच्याकडे, नेहमी एकाच दिशेने. एक बोकड एका कळपात दीड वर्षाच्या वर ठेवू नका, कारण तोवर त्याच्या लेकी फळायला येतात. घरचे नर तीन महिन्यांचे झाले की वेगळे बांधा. चौथ्या महिन्यापासून ते चढू लागतात, आणि मग वहीतला बाप खोटा ठरतो. कळपात बिनशिंगी शेळी असेल तर तिला शिंगाचाच बोकड लावा. दोन्ही बाजू जन्मतः बिनशिंगी असतील तर काही पाटी धड नर ना मादी अशा निघतात, त्या कधीच गाभण राहत नाहीत.

पाट 20 किलोच्या आसपास भरल्याशिवाय फळवू नका, मग वय काही असो. माज 24 ते 36 तास टिकतो आणि 18 ते 21 दिवसांनी परत येतो. सकाळी शेपटी हलवत ओरडताना दिसली तर संध्याकाळी एकदा आणि दुसऱ्या सकाळी एकदा बोकडाला दाखवा. फळवण्याआधी दोन-तीन आठवडे रोज 200 ग्रॅम दाणा वाढवला की जुळ्यांचं प्रमाण सुधारतं. गाभणकाळ 150 दिवसांचा, म्हणजे जूनमध्ये फळवल्या तर दिवाळीच्या सुमारास वितात. भर पावसात विणं टाळा, ओल्या गोठ्यात न्यूमोनिया आणि रक्ती हगवणीने करडं जातात. विण्याआधी दीड-दोन महिने दूध आटवा.

दरवर्षी दोन पाटी कळपात घ्या आणि दोन शेळ्या काढा. दुधावरून काढायची ती दुसरं वेत बघून. कास दगडी होऊन गाठाळलेली, दोन हंगाम रिकामी राहिलेली, करडांना पाजू न देणारी मात्र लगेच.

आणि बदलून आणलेला बोकड ट्रकमधून थेट शेळ्यांत सोडू नका. आधी सरकारी दवाखान्यात त्याच्या रक्ताची ब्रुसेलाची तपासणी करून घ्या, कारण त्याने शेळ्या गाभडतात आणि कच्च्या दुधातून तो रोग माणसालाही लागतो. महिनाभर वेगळा बांधा, पीपीआर (शेळ्यांचा जीवघेणा साथीचा रोग) आणि आंत्रविषाराची लस झाली आहे का विचारा, नसेल तर टोचून घ्या. त्याला ताकद यावी म्हणून टोपलीभर दाणा घालू नका. नुसत्या धान्यावर ठेवलेल्या बोकडाची लघवी खड्यांनी अडते आणि दोन-तीन दिवसांत तो हातचा जातो. पाला, सुकी वैरण, खनिज मिश्रण, भरपूर पाणी, आणि हंगामात 250-300 ग्रॅम दाणा, इतकं त्याला पुरतं.