तांत्रिक प्रशिक्षणाचे पाच-सात मिनिटांचे व्हिडिओ करायचे आहेत. कॅमेरा कोणता घ्यावा आणि एडिटिंगला कोणतं सॉफ्टवेअर बरं?

कॅमेरा खिशातला फोन चालेल. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल, फक्त त्यात आवाज आणि चित्र वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवता आलं पाहिजे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं. न विचारलेलं सांगायला बसलोय ते तुमच्या प्रश्नाखालच्या एका ओळीमुळे: "आमचे सर विषयातले तज्ज्ञ आहेत, त्यामुळे स्क्रिप्टची गरज नाही."

गरज आहे, आणि ते तज्ज्ञ आहेत म्हणूनच आहे. ज्याच्या हातात काम बसलंय त्याला आपण मध्ये काय काय करतो ते आठवत नाही. नवखा अडतो नेमका तिथेच.

नेटवर्क केबलला आरजे-४५ प्लग (संगणकात किंवा राउटरमध्ये खोचतो तो) लावण्याचं साधं काम घ्या. तज्ज्ञ सांगेल, "सोला, रंग जुळवा, आत घाला, दाबा." चार वाक्यांत विषय संपला. आता कागदाचे दोन रकाने करा, डावीकडे काय दिसणार आणि उजवीकडे काय ऐकू येणार. मग गाळलेल्या जागा दिसायला लागतात. बाहेरचं आवरण साधारण २५ मिलिमीटर सोललं, पण आतल्या तारेला पात्याचा चरा गेला का, हे वाकवून बघायचं राहिलं. आठ तारा सरळ करून टी५६८बी या ठरलेल्या रंगक्रमाने लावल्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पण प्लग कसा धरायचा? प्लगची अडकणारी खिटी खाली आणि केबल शिरते ते तोंड आपल्याकडे, म्हणजे पहिली पिन डावीकडे येते. हे वाक्य उजव्या रकान्यात नसेल तर बघणारा अख्खा क्रम उलटा लावतो आणि टेस्टरला दोष देतो.

मग तारा एकाच कापात १२-१३ मिलिमीटरवर आणायच्या. जास्त ठेवल्या तर बाहेरचं आवरण प्लगच्या आत पोचत नाही आणि केबल ओढली की सगळा ताण उघड्या तारांवर येतो. शिवाय तारांच्या जोड्यांचा पीळ जितका जास्त उलगडेल तितका क्रॉसटॉक, म्हणजे एका जोडीचा सिग्नल दुसरीत शिरणं, वाढतो. दाबायच्या आधी प्लगच्या समोरच्या तोंडाला आठ तांब्याचे ठिपके दिसतात का हेही बघायचं असतं. तज्ज्ञ हे अर्ध्या सेकंदात, न बोलता बघतो. व्हिडिओत या जागेला तीन-चार सेकंदांचा क्लोजअप लागतो. रकान्यात तो लिहिलेला नसेल तर शूटच्या दिवशी कुणालाच आठवत नाही आणि एडिटिंगला बसल्यावर शॉटच नसतो.

चित्राचंही तेच. कॅमेरा टेबलाच्या पलीकडे लावला की पहिली पिन बघणाऱ्याला उजवीकडे दिसते. कॅमेरा काम करणाऱ्याच्या खांद्यावरून किंवा डोक्यावरून खाली बघणारा हवा आणि फ्रेमची खालची कड त्याच्या पोटाकडे. वरून घेतलेला शॉट उलटा आलाच तर १८० अंशांत फिरवा. 'फ्लिप' मात्र करू नका, त्याने आरसा होतो आणि रंगांचा क्रमच बदलतो. पिवळ्या दिव्याखाली नारिंगी आणि तपकिरी सारखेच दिसतात, त्यामुळे ५००० केल्विनच्या आसपासचा (दिवसासारखा पांढरा), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९०च्या वरचा दिवा लावा. फोकस, एक्स्पोजर (उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटा) तिन्ही लॉक करा. नाहीतर हात फ्रेममध्ये आला की फोन फोकस शोधत बसतो आणि नेमकी महत्त्वाची दोन सेकंदं धूसर येतात.

"स्क्रिप्ट वाचली की कृत्रिम वाटतं" हा आक्षेप मला पाठ आहे. कृत्रिम वाटतं, कारण स्क्रिप्ट 'सदर आवरण काढून घेण्यात यावे' अशा भाषेत लिहिलेली असते. 'आता आवरण सोलून घ्या' असं लिहा, मोठ्याने वाचून बघा, जिथे जीभ अडखळते ते वाक्य मोडा. मिनिटाला ११०-१२० शब्द धरा. पाच मिनिटांना साडेपाचशे-सहाशे शब्द झाले. त्याहून जास्त होत असतील तर व्हिडिओ दोन करा, वेग वाढवू नका.

आधी आवाज रेकॉर्ड करा, मग तो हेडफोनमध्ये ऐकत शूट करा. माइक तोंडापासून १५-२० सेंटिमीटरवर, थोडा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ'चा फटका बसत नाही. रेकॉर्डिंगच्या पातळीची शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये. सुरुवातीला दहा सेकंद नुसती खोलीची शांतता घ्या, गोंगाट काढताना तोच नमुना लागतो. पंखा बंद. जाड पडदे, गाद्या, कपडे असलेली खोली रिकाम्या ऑफिसपेक्षा चांगली. घुमणारा आवाज नंतर धड दुरुस्त होत नाही. चित्र थोडं खराब असलं तर लोक चालवून घेतात, पण शब्दच कळले नाहीत तर व्हिडिओ बंद करतात.

आवाज वेगळा असण्याचा खरा फायदा वर्षभराने कळतो. सॉफ्टवेअरचा मेनू बदलला तर त्या चाळीस सेकंदांचं चित्र आणि दोन वाक्यं बदलली की झालं. तोंडाला येईल ते बोललेल्या व्हिडिओत अख्खं काम पुन्हा करावं लागतं.

स्क्रीन रेकॉर्डिंग असेल तर १९२० बाय १०८० आणि डिस्प्ले स्केलिंग (स्क्रीनवरच्या अक्षरांचा आकार) १५० टक्के, कारण बघणारा फोनवर बघतोय. नोटिफिकेशन बंद. ओबीएस या स्क्रीन रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये एमकेव्ही प्रकारच्या फाइलमध्येच रेकॉर्ड करा आणि नंतर ती एमपी४ला रीमक्स करा, म्हणजे चित्र-आवाज तेच ठेवून फक्त फाइलचा प्रकार बदला. साधी एमपी४ फाइल मध्येच वीज गेली तर उघडतच नाही, एमकेव्ही तिथपर्यंतची वाचते. फोनच्या फुटेजचा फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) बहुधा बदलता असतो, त्यामुळे एडिटरमध्ये आवाज हळूहळू पुढेमागे सरकतो. आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून सेकंदाला स्थिर ३० फ्रेम्स करून घ्या. काळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं नकोत, कॉम्प्रेशनमध्ये रंगाची माहिती कमी राखली जाते आणि कडा फाटतात.

"एक तासाचं लेक्चर आहेच, कापून दहा तुकडे करू" असं कुणी म्हणालं तर: २०१४ साली फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवरच्या चार अभ्यासक्रमांची ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, बघण्याच्या वेळेचा मध्यक सहा मिनिटांच्या पुढे गेला नाही. वर्गातली चांगली लेक्चर्स तुकडे करून टाकली तरी ती मुद्दाम ऑनलाइनसाठी केलेल्या व्हिडिओंइतकी धरून ठेवत नव्हती. आणि महागड्या स्टुडिओपेक्षा साधे, समोर बसून सांगितल्यासारखे व्हिडिओ जास्त धरून ठेवू शकतात, हेही त्यातच आहे. कॅमेऱ्याच्या बजेटवर चर्चा करताना हे पुढे करा. तो अभ्यास विद्यापीठी अभ्यासक्रमांचा होता, कारखान्यातल्या तंत्रज्ञांचा नव्हे, तेव्हा सहा मिनिटं म्हणजे दगडावरची रेघ नाही. शिवाय त्यात भरभर आणि उत्साहाने बोलणाऱ्यांचेच व्हिडिओ जास्त बघितले गेले होते. मी वर सांगितलेल्या ११०-१२० शब्दांच्या वेगाविरुद्ध तुमचे सर हा मुद्दा काढतील, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

स्क्रीनवर लिहिलेलं जसंच्या तसं वाचू नका, फक्त आकडा किंवा मेनूचं नाव दाखवा. कॅप्शन मात्र चालू-बंद करता येतील अशी वेगळ्या एसआरटी फाइलमध्ये (वाक्यं आणि त्यांच्या वेळा असलेली साधी मजकूर-फाइल) द्या. स्क्रिप्ट असल्यामुळे ती तासाभरात होते.

बिघाड शोधणं शिकवताना मात्र माझं म्हणणं थोडं ढिलं करतो. तिथे माणूस चुकीची शक्यता धरतो, सोडतो, परत फिरतो, आणि तो विचार लिहून आणला की मरतो. तिथे फक्त मुद्दे लिहा. चालू वीजजोडणीवरचं काम असेल तर शूट करायला वेगळा माणूस ठेवा, करणाऱ्याने कॅमेऱ्याकडे बघायचंच नाही.

सर तरीही ऐकत नसतील तर भांडू नका. त्यांना एकदा काम करत बोलू द्या, फोनवर रेकॉर्ड करा. ते ऐकून शब्दन् शब्द उजव्या रकान्यात उतरवा. मग तो कागद हे काम कधीच न केलेल्या माणसाला द्या आणि फक्त त्यावरून प्लग लावायला सांगा. तो जिथे जिथे थांबेल तिथे खूण करा आणि तोच कागद सरांपुढे ठेवा.