दिवा, मोटर आणि अर्थिंग: पाड्यांवरच्या प्रश्नांना उत्तरे

पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर: गाव बदलते, शंका बदलत नाहीत. पावसाळा तोंडावर आहे, म्हणून वारंवार येणारे सहा प्रश्न एकदाच घेतो.

मीटर मिळेपर्यंत खांबावरून आकडा टाकला तर चालेल का? (पेठ)

नाही. वीज कायदा 2003 च्या कलम 135 खाली ती चोरी आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ओल्या बांबूने आकडा टाकताना जीव जातो, ते वेगळेच.

सोलरचा दिवा पूर्वी रात्रभर चालायचा, आता तासाभरात मान टाकतो. पॅनेल बदलू का? (सुरगाणा)

आधी वर बघा. तीन वर्षांत आंब्याची फांदी वाढून पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडत असेल, तर तेवढ्यानेही चार्जिंग निम्म्यावर येते. मग बॅटरीकडे वळा. पॅनेल आणि दिवा दोन्ही सोडवून दोन-तीन तासांनी व्होल्ट मोजायचे मीटर लावा: 12 व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवर 12.7 दिसले तर ती भरलेली, 12.2 ला निम्मी. दिवसभर ऊन खाऊनही 12 च्या पुढे जात नसेल तर बहुधा बॅटरीच गेली. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. ‘थोडे ॲसिड टाकले की बॅटरी ताजी होते’ ही शुद्ध अफवा, त्याने प्लेटा खराब होतात. आणि मोबाइल थेट बॅटरीवरून चार्ज करत असाल तर कंट्रोलरला (बॅटरी फार उतरू न देणाऱ्या डबीला) वळसा पडतो, बॅटरी तळापर्यंत उतरते आणि लवकर मरते. नवी घेण्याआधी तंत्रज्ञाकडून तपासून घ्या.

बोअरची 1 एचपी मोटर नुसती गुं-गुं करते. कंडेन्सर दोनदा बदलला. (दिंडोरी)

मीटरपासून बोअर 200 मीटर आणि वायर 2.5 चौरस मिमीची ॲल्युमिनियम, असे तुम्हीच लिहिले आहे. दोष तिथेच आहे. जाऊन-येऊन 400 मीटर वायरचा रोध जवळपास 5 ओहम. चालू मोटर 7 अँपिअर घेते, म्हणजे 34 व्होल्ट वाटेतच जिरले. सुरू होताना तर ती कितीतरी जास्त करंट ओढते, तेव्हा मोटरपाशी जेमतेम 140 व्होल्ट उरतात आणि जोर एक-तृतीयांशावर येतो. स्टॅबिलायझर विकणाऱ्याला हे ठाऊक असते, तो सांगत नाही. 10 चौरस मिमीची वायर टाका. तत्पूर्वी मंजूर भार किती आहे ते बिलावर पाहा, आणि महावितरणच्या शाखा कार्यालयात विचारून घ्या.

वायरमनने फेज आणि अर्थिंगमध्ये 100 वॅटचा बल्ब लावून दाखवला, झकास लागला. म्हणजे अर्थिंग चांगले ना? (इगतपुरी)

हाच प्रश्न, हाच गैरसमज, दरवर्षी. बल्बला अर्धा अँपिअरही लागत नाही. तुमचे अर्थिंग 30 ओहमचे असले, म्हणजे वाईटच, तरी बल्बचे फक्त 13 व्होल्ट कमी होतात, डोळ्याला फरक कळत नाही. पण मोटरच्या अंगात फेज उतरला तर त्याच 30 ओहममधून 7 अँपिअरच वाहतील. 10 अँपिअरचा फ्यूज शांत बसणार, आणि मोटरचे लोखंड दोनशे व्होल्टच्या आसपास जिवंत राहणार. ओल्या हाताने ते धरणारे बहुधा घरातले पोर असते.

आपल्याकडे मुरूम आणि काळा पाषाण. खड्डा दोन फुटांवर दगडाला लागला की तिथेच सळई उभी करून मोकळे होतात. तसे करू नका. 40 मिमी व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप पूर्ण उतरला पाहिजे. भोवती कोळसा आणि मिठाचे आलटून-पालटून थर, वर पाणी ओतायला फनेल. जागा भिंतीपासून दीड मीटर लांब, शक्यतो न्हाणीच्या सांडपाण्याजवळ. एप्रिल-मे महिन्यांत माती सुकली की रोध चढतो, म्हणून तेव्हा पाणी घाला आणि मोजणीही तेव्हाच करा, पावसात नव्हे.

एवढे करूनही 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवीच. अर्थिंग थोडे कमजोर असले तरी ती क्षणात तोडते. ‘सारखी पडते’ म्हणून ती काढून टाकणारे वायरमन आहेत. सारखी पडते याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, किंवा पुढे न्यूट्रल अर्थला जोडला आहे. दोष शोधा, पहारेकऱ्याला हाकलू नका. महिन्यातून एकदा टेस्टचे बटण दाबा. बाकी सगळे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून, मोजणीचा ओहमचा आकडा कागदावर घेऊनच करून घ्या.

गावात ‘500 वॅट’चा सोलर पथदिवा स्वस्तात देतात. घ्यावा का? (हरसूल)

500 वॅटचा दिवा रात्री दहा तास चालला तर 5 युनिट, म्हणजे 5000 वॅट-तास लागतात. त्यावरचे वहीएवढे पॅनेल फार तर 10 वॅटचे, दिवसाला 50 वॅट-तास देईल, म्हणजे रात्रभर 5 वॅट. तेवढाच तो दिवा. ग्रामपंचायतीने विकत घेण्याआधी बॅटरीची क्षमता आणि वॉरंटी लेखी मागावी.

सौर कृषी पंपासाठी एजंट ‘फाइल पुढे सरकवायला’ पैसे मागतो. (त्र्यंबकेश्वर)

देऊ नका. लाभार्थी हिस्सा सर्वसाधारण गटाला 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के, तोही महावितरणच्या पोर्टलवर भरायचा. अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5 एचपी, त्यापुढे साडेसात. शंका असेल तर महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात जा.

ता. क. अंगणात लोंबणारी सर्व्हिस वायर ‘पाऊस गेल्यावर बघू’ असे एकाने लिहिले आहे. आजच महावितरणला 1912 वर कळवा, आणि तोवर जनावरे दुसरीकडे बांधा.