एम १००८ ट्रकचा जेन २ दिवा विझत नाही, सगळं १२ व्होल्टवर आणू का?

नका आणू. हाच सल्ला मला आमच्या दाजींनी दिला होता, त्यावरून आमचं दोन वर्षं वाजतंय, म्हणून लिहायला बसलो.

एम १००८ म्हणजे अमेरिकन लष्कराचा जुना शेवरले पिकअप. माझा १९८५चा, इथे मिशिगनमध्ये लिलावातून घेतलेला. तुमच्यासारखाच जेन २, म्हणजे दुसऱ्या अल्टरनेटरच्या चार्जिंगचा इशारा दिवा, पेटून राहायचा. जवळच्या गॅरेजवाल्याने दोन अल्टरनेटरपैकी हा दुसरा बदलला, नवाकोरा, पण साध्या पिकअपचा. आता या गाडीत १२च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, मिळून २४ व्होल्ट, आणि या दुसऱ्या अल्टरनेटरचं निगेटिव्ह बॉडीला नसतंच, ते जातं पुढच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. साध्या अल्टरनेटरचं निगेटिव्ह म्हणजे त्याची स्वतःची बॉडी, आणि ती बोल्टने इंजिनला आवळलेली. म्हणजे पुढची बॅटरी सरळ शॉर्ट! घरी आणून टर्मिनल टेकवलं मात्र, फाडकन ठिणगी, केबलवरच्या रबराला फोड यायला लागले, जळका वास, कसंबसं हातमोज्याने उपटून काढलं. दाजी म्हणाले, तरी सांगत होतो, एक अल्टरनेटर काढूनच टाक. अहो दाजी, यात २४ व्होल्टचा काय दोष? पार्ट चुकीचा होता. आयसोलेटेड ग्राउंडवाला, म्हणजे निगेटिव्ह बॉडीपासून वेगळं असलेला, आणून लावला, दिवा विझला.

तुम्ही आधी गाडी चालू ठेवून मागच्या बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. बॉडीला नाही, बॅटरीच्याच दोन टोकांना. १४च्या आसपास आलं तर चार्जिंग ठीक आहे, दिव्याची वायरिंग बघा. साडेबारावरच अडकलं तर अल्टरनेटर किंवा त्याची केबल.

१२वर आणायची एकच गोष्ट, ग्लो प्लग, म्हणजे थंड डिझेल इंजिन सुरू व्हावं म्हणून आतून तापवणारे प्लग. मूळ सर्किट २४ घेतं आणि फायरवॉलवरच्या रेझिस्टरमधून कमी करतं, पण तो हिशोब आठही प्लग चालू असतील तरच जमतो. दोन मेले की उरलेल्यांना जास्त व्होल्टेज जातं, तेही जळतात, टोकं फुगून हेडमध्ये अडकतात. ती वायर रेझिस्टरवरून काढून पुढच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर घ्या. २४चा स्टार्टर मात्र ठेवा, आमच्याकडच्या थंडीत तो जसा इंजिन फिरवतो ते दाजींनी गेल्या जानेवारीत शेजारी बसून बघितलंय.

हां, तुमचा स्टार्टर आधीच गेला असेल आणि पुढच्या जाळीतला स्लेव्ह प्लग (दुसऱ्या लष्करी गाडीवरून २४ व्होल्टने जंप-स्टार्ट करायचं सॉकेट) कधी वापरणारच नसाल तर सिव्हिलियन ६.२ डिझेलचा १२चा स्टार्टर बसतो, तो मार्ग चुकीचा नाही. पण एका दिव्यासाठी नको.